निरोगी आतड्यावर तोललेली गोळी : औषध महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
नवी दिल्ली.

विषय : कर्करोगावरील उपचारांमुळे आतड्याला इजा झालेल्या रुग्णांमध्ये तोंडावाटे घेतलेल्या औषधांचे शोषण आणि त्यासंबंधी माहितीपत्रकांत करावयाची नोंद.

महोदय,

तोंडावाटे घ्यावयाच्या एखाद्या गोळीला किंवा कॅप्सूलला भारतात विक्रीचा परवाना मिळतो, तेव्हा त्या परवान्यामागे एक गृहीतक उभे असते आणि ते इतके सर्वमान्य असते की कोणत्याही कागदावर लिहिले जात नाही : गोळी गिळणाऱ्या माणसाचे आतडे शाबूत आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरते आणि म्हणून ते तपासण्याची वेळही सहसा येत नाही. परंतु केमोथेरपी घेणारा, पोटावर किंवा ओटीपोटावर किरणोपचार घेणारा, किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या पूर्वतयारीसाठी अतितीव्र औषधे दिली गेलेला रुग्ण या गृहीतकाच्या बाहेर पडतो, आणि त्याची दखल वेष्टनात घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकात क्वचितच घेतलेली आढळते. असा रुग्ण केवळ कर्करोगाची औषधे घेत नसतो. त्याच्या औषधांच्या पिशवीत हृदयाची, फिटची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी, संसर्ग टाळणारी आणि वेदना शमवणारी अशी अनेक औषधे असतात, आणि त्यांतील बहुतेक गोळ्या त्याच इजा झालेल्या आतड्यातून रक्तात उतरणे अपेक्षित असते. वेष्टनावर छापलेली मात्रा आणि रक्तापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी मात्रा यांत अशा वेळी किती अंतर पडू शकते, याविषयी नियामक यंत्रणेने स्पष्ट बोलावे, एवढ्यासाठी हे पत्र आपल्या कार्यालयाला उद्देशून लिहिले आहे.

लहान आतड्याच्या आतील अस्तराची रचना थोडी तपशिलात पाहिल्याशिवाय प्रश्नाचे स्वरूप उलगडत नाही. या अस्तराला श्लेष्मकला म्हणतात आणि तिच्यावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, ज्यांना रसांकुर असे नाव आहे. रसांकुरांवरील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर पुन्हा आणखी सूक्ष्म केसरांची किनार असते, आणि या घड्यांवर घड्यांमुळे शोषणासाठी उपलब्ध असणारे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. अनेक पाठ्यपुस्तके हे क्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे अजूनही सांगतात, पण स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१४ साली नव्याने केलेल्या मोजणीत मोठ्या आतड्यासह संपूर्ण अन्नमार्गाचे क्षेत्र सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान घराच्या जमिनीइतकेच, निघाले. अतिशयोक्ती वगळली तरी हे क्षेत्र मोठेच आहे, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कायमस्वरूपी नाही. रसांकुरांच्या पायथ्याशी असलेल्या खळग्यांमध्ये मूळपेशी सतत विभाजित होत राहतात, नव्या पेशी वर सरकत रसांकुराच्या टोकाला पोहोचतात आणि तेथून गळून पडतात. हा संपूर्ण प्रवास साधारण ३ ते ५ दिवसांत पुरा होतो. मानवी शरीरात इतक्या वेगाने नूतनीकरण होणाऱ्या ऊती फारच थोड्या आहेत.

केमोथेरपीची पारंपरिक औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि ती पेशी गाठीतील आहे की आतड्याच्या खळग्यातील, हा भेद त्यांना करता येत नाही. फाइव्ह-फ्लुरोयुरासिल, इरिनोटेकन, मेथोट्रेक्सेट, सायटाराबीन, मेल्फलान ही या बाबतीत विशेष कुख्यात नावे होत. ऑस्ट्रेलियातील डोरोथी कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या लहान आतड्यातील ऊतींचे नमुने ठरावीक दिवशी घेऊन तपासले, तेव्हा पहिल्याच दिवशी खळग्यांतील पेशींचा मृत्युदर जवळजवळ सातपट वाढलेला दिसला, तिसऱ्या दिवशी रसांकुरांचे क्षेत्र आणि पेशींची उंची घटलेली दिसली, आणि सोळाव्या दिवसापर्यंत अस्तर पूर्ववत झाले होते. या इजेला म्युकोसायटिस, म्हणजे श्लेष्मकलेचा दाह, म्हणतात. तोंडातील दाह व्रणांच्या रूपाने डोळ्यांना दिसतो आणि रुग्णही त्याची तक्रार करतो. आतड्यातील दाह मात्र जुलाब, पोटातील कळा आणि अन्नावरील वासना उडणे एवढ्याच खुणांनी ओळखावा लागतो, आणि कधी या खुणाही पुरेशा ठळक नसतात. वरील अभ्यासातील दिवसांची गणती औषधशास्त्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे, कारण तीन आठवड्यांच्या अंतराने केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचे आतडे प्रत्येक फेरीत बिघडते आणि पुढच्या फेरीच्या आत पुन्हा सावरते, परंतु त्याच्या हृदयाच्या किंवा फिटच्या गोळीची मात्रा महिनोन्महिने एकच राहते.

गोळी गिळल्यानंतर तिला रक्तापर्यंत पोहोचण्यासाठी अनेक टप्पे पार करावे लागतात : ती फुटली पाहिजे, औषध आतड्यातील रसात विरघळले पाहिजे, विरघळलेले औषध अस्तराच्या पेशींमधून किंवा पेशींच्या मधल्या फटींतून पलीकडे गेले पाहिजे, आणि तेथून यकृतमार्गे सर्वसाधारण रक्ताभिसरणात आले पाहिजे. गिळलेल्या मात्रेपैकी जो अंश या सर्व टप्प्यांनंतर मूळ रूपात रक्तात उरतो त्याला जैवउपलब्धता म्हणतात. रसांकुर झिजले की शोषणाचे क्षेत्र घटते. जुलाब सुरू झाले की औषधाला अस्तराच्या सान्निध्यात मिळणारा वेळ घटतो, आणि ज्या गोळ्या बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू औषध सोडण्यासाठी घडविलेल्या असतात त्यांना या घाईचा फटका अधिक बसतो. (मलातून आख्खी गोळी बाहेर पडली म्हणून घाबरलेल्या नातेवाइकांना एवढे सांगणे आवश्यक आहे, की दीर्घकाळ औषध सोडणाऱ्या काही गोळ्यांचे रिकामे कवच निरोगी माणसातही तसेच बाहेर पडते, त्यावरून शोषण झाले नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.)

या विषयातील सर्वांत बोलका पुरावा डिजॉक्सिन या हृदयविकारावरील जुन्या औषधाने पुरविलेला आहे. या औषधाची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांतील अंतर अतिशय थोडे असते, त्यामुळे त्याच्या शोषणातील चढउतार रुग्णाला थेट भोवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन संशोधकांना असे आढळले की कर्करोगावरील औषधांच्या उपचारानंतर या वर्गातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील पातळी खाली येते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने पुढचा प्रश्न विचारला, आणि प्रस्तुत पत्राचा सारा भर त्याच प्रश्नावर आहे. त्या अभ्यासात मोठ्या मात्रेची केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना डिजॉक्सिन दोन रूपांत देण्यात आले, एक नेहमीची गोळी आणि दुसरी आत द्रावण भरलेली मऊ कॅप्सूल. केमोथेरपीनंतर गोळीतून होणारे शोषण जवळजवळ निम्म्याने घटले, तर कॅप्सूलमधून होणारी घट सुमारे १५ टक्क्यांवरच थांबली. औषध तेच आणि इजाही त्याच स्वरूपाची असताना फरक पडला तो औषधाच्या रूपामुळे. कॅप्सूलमधील औषध आधीच विरघळलेले असल्याने ते आतड्याच्या वरच्या भागात लवकर शोषले जाते आणि उरलेल्या थोड्या क्षेत्रातही त्याचे काम भागते, तर गोळीला आधी फुटून विरघळावे लागते, आणि तोवर शोषणाची संधी निघून गेलेली असते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

इतर औषधांचा पुरावा विरळ आहे, पण त्याची दिशा बहुतांशी तीच आहे. फिटवरील फेनिटॉइनची पातळी कर्करोगावरील औषधे सुरू असताना घटल्याचे निरीक्षण १९७९ सालीच प्रसिद्ध झाले होते. रक्तदाबावरील वेरापामिलविषयीही तसेच आढळले. आणि १९९० साली रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची कमाल पातळी केमोथेरपीनंतर जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. अर्थात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत उरलेली पातळीही अनेक जंतूंसाठी पुरेशी होती, हे त्याच श्वासात सांगितले पाहिजे. असे अभ्यास मोजक्या रुग्णांवर झालेले असतात, त्यांत औषधांची आंतरक्रिया आणि आतड्याची इजा यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात, आणि फेनिटॉइनसारख्या औषधात तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झाल्याने एकूण पातळी कमी दिसूनही मुक्त, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे, औषध पुरेसे असू शकते. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबून मात्रा वाढविणे धोक्याचे ठरते. उलट उदाहरणही आहे : कॅपेसिटाबीन या कर्करोगावरील गोळीबरोबर वॉरफरीन घेणाऱ्यांमध्ये रक्त गोठण्याची क्रिया इतकी मंदावते की गंभीर रक्तस्राव झालेले आहेत, आणि त्याचा उगम प्रामुख्याने वॉरफरीनचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकराच्या दमनात मानला जातो. जुलाब होत आहेत म्हणून वॉरफरीन कमी शोषले जात असेल असा तर्क करून कोणी मात्रा वाढविली, तर परिणाम काय होईल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

इजा झालेले आतडे औषध नेहमी कमीच शोषते, ही समजूतही अर्धी आहे. निरोगी अस्तर हे प्रवेशद्वार आहे तसेच ते पहाराही देते. त्याच्या पेशींत सायटोक्रोम कुळातील विकर असतात, जे काही औषधांचा मोठा भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतात, आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात, जे आत शिरलेले औषध पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलतात. अस्तर झिजले की हा पहाराही ढिला पडतो. प्रत्यारोपित अवयवाचे संरक्षण करणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी तीव्र जुलाबांच्या काळात घटण्याऐवजी वाढते, हा प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या परिचयाचा अनुभव आहे. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास जवळजवळ शोषलेच जात नाही आणि म्हणूनच ते आतड्यातील क्लॉस्ट्रिडिऑइडिस जंतूविरुद्ध वापरता येते. परंतु अस्तराला मोठी इजा झालेल्या रुग्णांच्या रक्तात तेही मोजता येण्याइतके आढळलेले आहे. तात्पर्य, एखाद्या औषधाचे काय होईल हे त्या औषधाच्या स्वभावावर आणि रूपावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच सर्व औषधांना लागू पडेल असे एखादे सरसकट वाक्य येथे उपयोगाचे नाही. नोंद औषधागणिकच करावी लागेल.

किरणोपचारांचा प्रश्न थोडा वेगळा आणि अधिक लांबणारा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर बाहेरून दिले जाणारे किरण साधारण ४५ ते ५० ग्रे इतक्या मात्रेत, पाच आठवड्यांत विभागून दिले जातात, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग ओटीपोटात खोलवर असल्याने तो या झोतातून पूर्णपणे वाचविता येत नाही. याच भागात पित्तक्षार आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाते. उपचारादरम्यानचे जुलाब बहुतेकींमध्ये काही आठवड्यांत थांबतात. परंतु काही रुग्णांमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्या आणि भिंत महिन्यांनी किंवा वर्षांनी कठीण होत जाते, आणि तोपर्यंत त्या बाई कर्करोगातून बऱ्या झाल्या म्हणून कर्करोग रुग्णालयाच्या नियमित देखरेखीतून बाहेर पडलेल्या असतात. बार्शीसारख्या ठिकाणी, जेथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे आणि जेथे हा कर्करोग दीर्घकाळ स्त्रियांमधील मोठा प्रश्न राहिला आहे, अशी बाई पुढे थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी गावातील डॉक्टरांकडून घेते, आणि वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या ‘लाईट’चा त्या गोळीशी काही संबंध असू शकतो हे दोघांच्याही मनात येण्याचे कारण नसते. त्यात पित्तक्षारांमुळे होणाऱ्या जुलाबांवर कोलेस्टिरामिन दिले गेले, तर गुंता आणखी वाढतो, कारण ते चूर्ण पित्तक्षारांबरोबर थायरॉक्सिन, वॉरफरीन आणि डिजॉक्सिन यांनाही आतड्यातच बांधून ठेवते. म्हणून इतर औषधे त्याच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यावी लागतात.

शस्त्रक्रियेने जठर किंवा आतड्याचा भाग काढलेल्या रुग्णांचा विचार येथे मुद्दाम विस्ताराने केलेला नाही, कारण तेथे निदान काय उरले आहे हे कागदावर लिहिलेले असते. मात्र एका सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. भारतात रुग्णालयातून घरी जाणाऱ्या अनेक रुग्णांच्या हाती सकाळी उपाशीपोटी घेण्यासाठी पँटोप्राझोलची गोळी, लोक जिला गॅसची गोळी म्हणतात ती, दिली जाते, आणि पुष्कळदा ती का दिली हे कोणालाच सांगता येत नाही. जठरातील आम्ल कमी झाले की इट्राकोनाझोलची नेहमीची कॅप्सूल, पोसाकोनाझोलचे पातळ औषध, तसेच कर्करोगावरील अर्लोटिनिब आणि डासाटिनिब यांचे विरघळणे आणि शोषण घटते. आतड्याची इजा टाळणे डॉक्टरांच्या हातात नेहमीच नसते. ही गोळी अनावश्यक असेल तर ती थांबविणे मात्र असते. तसेच तोंडातील व्रणांमुळे गिळता येत नाही म्हणून घरी गोळ्या कुटून मधात किंवा चमचाभर पाण्यात देण्याची पद्धत आहे, आणि दीर्घकाळ औषध सोडणारी गोळी कुटली तर बारा तासांचे औषध एकदम मोकळे होते, हे माहितीपत्रकात छापलेले असले तरी त्या घरात ते वाचले जात नाही, कारण ते बहुधा इंग्रजीत आणि भिंगाविना न दिसणाऱ्या अक्षरात असते.

आता आपल्या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्राकडे वळणे योग्य होईल. एकाच औषधाच्या दोन गोळ्या रक्तात सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच वेगाने पोहोचतात की नाही हे तपासण्याच्या पद्धतीला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात, आणि या पद्धतीच्या जन्मकथेतही डिजॉक्सिनचे नाव ठळक आहे. १९७१ साली जॉन लिंडेनबाऊम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डिजॉक्सिनच्या वेगवेगळ्या गोळ्यांनी गाठलेल्या रक्तपातळीत सात पटींपर्यंत फरक पडू शकतो. त्याआधी ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेट हे निष्क्रिय भरण बदलून त्या जागी लॅक्टोज वापरल्यामुळे शोषण वाढले आणि अनेक रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसली होती. या प्रकरणांतून जगभरच्या नियामकांनी धडा घेतला, आणि भारतातही एप्रिल २०१७ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती होऊन ज्या औषधांची विद्राव्यता कमी असते, अशा, विद्राव्यता आणि पारगम्यता यांवर आधारित वर्गीकरणातील दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातील औषधांच्या परवान्यासाठी जैवसमतुल्यतेचा पुरावा आवश्यक ठरविण्यात आला. हे पाऊल महत्त्वाचे होते आणि त्याचे श्रेय त्या यंत्रणेला दिलेच पाहिजे.

परंतु ही चाचणी कोणावर होते, याकडे लक्ष वेधणे भाग आहे. ती सामान्यतः निरोगी, प्रौढ, उपाशीपोटी किंवा ठरावीक जेवणानंतर औषध घेणाऱ्या स्वयंसेवकांवर होते, आणि दोन औषधरूपांच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास-अंतराल ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसला की ती समतुल्य ठरतात. कर्करोगावरील विषारी औषधे निरोगी माणसाला देणे अनैतिक असल्याने त्यांच्या चाचण्या रुग्णांवर होतात, पण तेथेही शोषणात अडथळा आणणारा आतड्याचा विकार असलेले किंवा गोळी गिळू न शकणारे रुग्ण सहसा निवडीतूनच वगळले जातात. शास्त्रीय काटेकोरपणाच्या दृष्टीने ही निवड समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो, की निरोगी आतड्यात समतुल्य ठरलेली दोन औषधरूपे इजा झालेल्या आतड्यातही समतुल्य राहतील, असे मानण्यास आधार नसतानाही व्यवहारात तसे मानले जाते. १९८६ च्या अभ्यासातील गोळी आणि कॅप्सूल यांच्यातील तफावत हा या समजुतीला दिलेला सरळ छेद आहे.

याच्याशी जुळणारी अलीकडची उदाहरणेही आहेत. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना बुरशीजन्य संसर्गापासून वाचविण्यासाठी दिले जाणारे, आणि २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या साथीनंतर महाराष्ट्रातही अनेक घरांत परिचित झालेले, पोसाकोनाझोल हे औषध पातळ रूपात भरपूर स्निग्ध अन्नाबरोबर घ्यावे लागते. म्युकोसायटिस आणि जुलाब असणारा रुग्ण ते अन्न खाऊच शकत नाही, आणि नेमका तोच रुग्ण संसर्गाच्या सर्वाधिक धोक्यात असतो. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या, आतड्यात औषध सोडणाऱ्या गोळीने ही अडचण पुष्कळ अंशी सोडविली. प्रत्यारोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या बुसल्फानच्या गोळ्यांचे शोषण इतके अनिश्चित होते, की १९९९ साली शिरेतून देण्याचे रूप मान्य झाल्यावर बहुतेक केंद्रे त्याकडे वळली. ल्युकेमिया झालेल्या मुलांना घरी दोन-अडीच वर्षे दिल्या जाणाऱ्या सिक्स-मर्कॅप्टोप्युरीनची जैवउपलब्धता तर मुळातच सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास आणि मुलागणिक फार वेगळी असल्याचे १९८३ पासून ज्ञात आहे; एवढ्या अरुंद पायावर उभ्या असलेल्या उपचारात मेथोट्रेक्सेटने झालेली आतड्याची इजा कितपत फरक पाडते, हा प्रश्न भारतीय मुलांच्या दृष्टीने शैक्षणिक राहत नाही.

या युक्तिवादाचा उपयोग कोणी स्वस्त जेनेरिक औषधांविरुद्ध करू नये, म्हणून येथे स्पष्ट केले पाहिजे, की मूळ ब्रँडची गोळीसुद्धा इजा झालेल्या आतड्यावर तपासलेली नसते; अज्ञान दोहोंकडे सारखेच आहे आणि महाग वेष्टनाने ते कमी होत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक गोळीऐवजी सलाईनमधून औषध द्यावे असाही या पत्राचा आग्रह नाही. शिरेतून औषध देण्यासाठी लागणारी नळी पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णात स्वतःच संसर्गाचा मार्ग ठरते, त्याच काळात स्नायूत टोचणे आणि गुदद्वारावाटे औषध देणे दोन्ही टाळावे लागते, आणि रोज तालुक्याच्या गावी जाऊन इंजेक्शन घेणे शेतमजुराला परवडणारे नसते. तोंडावाटे औषध ही सोय आहे आणि ती टिकली पाहिजे. तिच्या मर्यादा फक्त लिहिलेल्या असाव्यात.

इजा झालेल्या आतड्यावर चाचण्या घेणे अशक्य किंवा अमानुष आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु मूत्रपिंड किंवा यकृत निकामी असलेल्या रुग्णांसाठी वेगळी नोंद माहितीपत्रकांत असतेच, आणि ती करताना आजारी माणसांवरच अभ्यास झालेले असतात. आतड्यासाठी असे मोजमाप आजवर अवघड होते, कारण मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आहे तसा साधा निर्देशक आतड्यासाठी नव्हता. आता सिट्रुलिन या अमिनो आम्लाच्या रूपाने तो बऱ्याच अंशी मिळाला आहे. रक्तातील सिट्रुलिन मुख्यतः लहान आतड्याच्या पेशीच तयार करतात, त्यामुळे पेशींची संख्या घटली की त्याची पातळीही घटते. निरोगी प्रौढात ती साधारण ४० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आसपास असते आणि प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र उपचारांनंतर १० च्या खाली जाऊ शकते. उपचारासाठी तसेही रोज रक्त तपासले जाणाऱ्या रुग्णांत, त्यांच्या संमतीने, त्यांना आवश्यकच असलेल्या गोळ्यांची पातळी आणि सिट्रुलिन एकत्र मोजणे हे नव्या औषधाच्या चाचणीपेक्षा पुष्कळ कमी खर्चाचे काम आहे, आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील मोठ्या रुग्णालयांकडे त्यासाठी लागणारे रुग्णही आहेत आणि प्रयोगशाळाही आहेत.

म्हणून आपल्या कार्यालयाकडून अपेक्षा अशी आहे, की उपयुक्त आणि विषारी पातळीत थोडेच अंतर असलेल्या औषधांच्या माहितीपत्रकांत, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या नोंदींच्या शेजारी, केमोथेरपी, किरणोपचार किंवा दीर्घ जुलाब यांमुळे आतड्याला इजा झालेल्या रुग्णांविषयी स्वतंत्र नोंद अनिवार्य करावी. ज्या औषधांचा पुरावा आहे तेथे तो द्यावा. जेथे नाही तेथे ‘या स्थितीत शोषणाचा अभ्यास झालेला नाही, पातळी किंवा परिणाम तपासावा’ एवढे वाक्य छापावे, कारण मौन आणि निर्धोकपणा यांतील फरक वाचणाऱ्याला एरवी कळत नाही. रुग्णासाठीचा मजकूर त्याच्या राज्याच्या भाषेत असावा. २०१० पासून चालू असलेल्या औषधसुरक्षा निरीक्षण कार्यक्रमात दुष्परिणामांच्या बरोबरीने, कर्करोगाच्या रुग्णात नेहमीची गोळी अचानक लागू पडेनाशी होणे हीदेखील कळविण्याजोगी घटना आहे, असे रुग्णालयांना आणि औषध दुकानदारांना लेखी कळवावे. फिट पुन्हा आली की ती मेंदूतील गाठीमुळे आली असेच गृहीत धरले जाते आणि गोळीची चौकशी होत नाही.

या नोंदी सर्व औषधांसाठी एकाच वेळी होणे शक्य नाही, हे मान्य आहे. फेनिटॉइन, थायरॉक्सिन, वॉरफरीन, टॅक्रोलिमस, पोसाकोनाझोल आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांच्यासाठी तज्ज्ञसमितीला काही महिने लागतील. डिजॉक्सिनच्या गोळीबाबत मात्र समितीचीही गरज नाही; तिच्याविषयीचा पुरावा १९८६ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आणि त्यावरून लिहावयाची नोंद दोन वाक्यांत बसते.

कळावे.